तुम्ही या

आईच्या मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्या होत्या. जेमतेम दोन दिवसांच्या उरल्या होत्या. कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि वारज्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. मागच्या खेपेला चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं. स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती पदर दातांत धरत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता मी खाली उतरणार नाही."

मी आयटीत. माझा सगळा दिवस पडद्यावरच्या माणसांशी बोलण्यात जायचा. लॉकडाऊननंतर डॉक्टरही व्हिडिओवर भेटायला लागले होते, म्हणून मी निर्धास्त होते. ठरल्या वेळी मी लॅपटॉप आईच्या पलंगावर ठेवला.

"या गोळ्या मला व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे. पेशंटला प्रत्यक्ष तपासावं लागतं."

"अहो, तुम्ही चार वेळा तपासलंय तिला!"

"मान्य आहे. पण या औषधांचा गैरवापर होतो. माझा नाइलाज आहे."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण आईने हात वर केला. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. तिचा हात वर गेला की वर्ग गप्प व्हायचा.

"डॉक्टर, प्रत्यक्ष तपासायचं म्हणजे मीच तुमच्याकडे यायचं, असं लिहिलंय का त्या नियमात?"

"तसं... नाही लिहिलेलं."

"मग तुम्ही या."

"आमच्याकडे घरी जाऊन तपासायची पद्धत नाही, आजी."

"पद्धत म्हणजे नियम नव्हे," आई म्हणाली, आणि मला लॅपटॉप बंद करायला सांगितला.

मग तिने कागद मागवला. अक्षर थरथरत होतं, पण समास सोडलेला होता आणि विषयाखाली रेघही होती. 'मी अंथरुणातून उठू शकत नाही. कृपया घरी येऊन तपासावे.' मी म्हटलं, "मी फोन करून हातापाया पडते त्यांच्या." ती म्हणाली, "पाया पडायचं आपण छप्पन साली, दीक्षा घेतली तेव्हाच सोडलंय. अर्ज दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरला कळवलं, आज मी नाही. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी अर्ज बोटाच्या टोकाने परत सरकवला.

"असे अर्ज आम्ही घेत नाही."

"नाही घेत, असं यावर लिहून सही करा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, उद्या सगळेच म्हणतील घरी या."

"ज्यांना उठता येत नाही, ते म्हणणारच. म्हणू देत."

त्यांनी सही केली नाही. पण शेवटी अर्ज ठेवून घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का मारला. मी ओपीडीच्या दारासमोर जाऊन बसले. शिपायाने दोनदा उठवलं, मी दोनदा पुन्हा बसले. घरी शेजारच्या काकू आईजवळ होत्या. त्यांचा फोन आला, की उरलेल्या गोळ्या आई अर्ध्या-अर्ध्याच घेतेय, पुरवून पुरवून. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. त्या डॉक्टरचा नाही. आपल्या खुर्चीपाशीच नियम संपतो, असं मानणाऱ्या सगळ्यांचा.

दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. अर्ज त्यांच्या हातात होता.

"अक्षर कुणाचं?"

"तिचंच."

"ओपीडी संपली की येतो. पत्ता सांगा."

ते स्कूटरवर आले, धापा टाकत तीन मजले चढले आणि आईला नीट तपासलं. तिथेच पलंगाच्या कडेला बसून औषध लिहून दिलं. आई म्हणाली, "नियम मोडलात का?" ते हसले. "नाही. पाळला." मी ती चिठ्ठी घेऊन हॉस्पिटलात गेले, गोळ्या आणल्या. त्या संध्याकाळी आई कित्येक दिवसांनी कूस बदलून झोपली.

त्यानंतर ती सात आठवडे जगली. स्वतःच्या पलंगावर, शुद्धीत, वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत. डॉक्टर दर गुरुवारी यायचे. पुढे त्याच दिवशी ते आणखी तिघांच्या घरीही जाऊ लागले. मला पुष्कळ जणांनी सांगितलं, तुम्ही जरा जास्तच ताणलंत. ताणलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ताणीन.

हॉस्पिटलने घरभेटीचा बोर्ड अजून लावलेला नाही. म्हणून भेटेल त्याला मीच सांगत असते.