कोंबडी राहिली, माणूस उडाला

“तुमच्या पुस्तकात मी कोंबडी झालोय. अंडं कधी घालू?”

मेळघाटातल्या आश्रमशाळेचे कोरकू गुरुजी माझ्या टेबलावर आम्ही छापलेली शब्दार्थांची पुस्तिका आपटून हे म्हणाले आणि मी हसलो. उल्हासनगरच्या एका प्रेसमध्ये मी डीटीपीला होतो, म्हणजे मजकूर टाइप करून पानं लावायला. चिडलेल्या माणसासमोर हसू नये, ही अक्कल यायची होती.

“हसता काय बाप्पा? ‘कोर’ शब्द काढून बघा.”

काढला. कोर : कोंबडी.

“हे गोंडीत. आमच्या कोरकूत कोर म्हणजे माणूस. मी लिहून दिलेला माणूस कुठाय?”

मी उडवला होता. त्याआधी आम्ही व्यापाऱ्यांची डिरेक्टरी केली होती. एक दुकान दोनदा आलं की दुसरी नोंद डिलीट, हा माझ्या हातचा मळ. या पुस्तिकेसाठी गोंडी आणि कोरकू शब्दांच्या दोन फाइली आल्या. मी त्या एकत्र केल्या, डबल आलेले शब्द साफ केले आणि मूळ फाइलींवरच सेव्ह मारलं. या भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. वर बेलवलीला घरी जाऊन कामाचा उरक सांगितला.

शेठ केबिनमधून आले. “गुरुजी, आदिवासी भाषा तो एकच ना? स्टिकर लावून टाकू. गठ्ठे बांधून झालेत.”

“पोरं पहिल्यांदा आपली भाषा छापलेली बघणार, शेठ. आणि त्यात माणसावर स्टिकर?”

माझं डोकं सटकलं. स्वतःवरचा राग शेठवर काढणं सोपं होतं. “गठ्ठे गेले तर मी पण गेलो!” म्हणून मी पिशवी उचलली.

“जा ना,” शेठ म्हणाले.

मी पिशवी धरून तसाच उभा. गुरुजी मात्र शेठकडे वळले. “एकच म्हणता? मग तुमची सिंधी मराठीतच धरू. थोडाच फरक.”

“ए! सिंधी अलग आहे! आमची लिपी अलग, सगळं अलग!” शेठ लालबुंद.

“मग?”

शेठ बराच वेळ गुरगुरले. मग माझ्यावरच ओरडले, “बॅग रख! दो किताब बना. गठ्ठे खोल!”

गुरुजींनी शेजारी बसून उडालेला एकेक शब्द पुन्हा सांगितला. चुकलो की खुर्चीला लाथ. पुस्तिका दोन झाल्या, उशिरा गेल्या.

तेव्हापासून डबल दिसलं तरी मी हात लावत नाही. पुढच्या डिरेक्टरीत एक साडीवाला दोनदा छापला गेला. त्याची तक्रार नाही.