चल ताई, चक्की!

बातमी आली तेव्हा मी एका म्हातारीला मारत होते. कागदावरच. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायचे, हे माझं काम. नोएडातल्या एका स्टुडिओत ते मग आवाज देऊन रेकॉर्ड होतात. ही मालिका राजाराण्यांची, मंतरलेल्या तलवारींची, तळ्यातून वर येणाऱ्या राक्षसी सैन्याची. त्यातला लढाईचा भाग माझ्यासमोर होता, आणि घोड्यांची निगा राखणारी म्हातारी त्यात सुरुवातीलाच पडते. तिच्या तोंडी "आई गं" घालावं की नुसतं कण्हणं ठेवावं, अशा विचारात असताना श्रीकांतरावांचा फोन आला. "ताई, उज्ज्वला गेली." मी विचारलं, "कुठे?" … जन्मभर क्रियापदांवर पोट भरलं, आणि 'गेली' म्हणजे काय ते मला कळलं नाही.

उज्ज्वला त्या म्हातारीचा आवाज होती.

तिचे वडील साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार. ती दिल्ली कॅंटोनमेंटमध्ये वाढली, त्यामुळे शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी आणि मराठी फक्त स्वयंपाकघरापुरतं. मी सांगलीहून लग्न होऊन करोल बागेत आलेली, जिभेला हाड नसलेली. पहिल्याच दिवशी काम संपल्यावर ती पर्स उचलून म्हणाली, "चलो ताई, जाते." मी लगेच फटकारलं. माझी आई म्हणायची तेच म्हटलं, "जाते म्हणू नये. जातं दळायला असतं, माणसानं येते म्हणावं." तिनं डोळे मोठे केले. "जातं म्हणजे?" म्हटलं, "चक्की, बाई, चक्की!" ती इतकी हसली की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कानावरचे हेडफोन काढून बघायला लागला. त्या दिवसापासून आमचा निरोपच तो झाला. परतताना आम्ही दोघी एकाच मेट्रोत असायचो. ती मयूर विहारला उतरून सरोजिनी नगरची गाडी पकडायची, मी पुढे करोल बागेला. दार उघडलं की ही बया खणखणीत आवाजात ओरडणार, "चल ताई, चक्की!" डब्यातली माणसं वळून बघायची. सहा वर्षं हे चाललं. मी दर वेळी कपाळाला हात लावायचे, आणि दर वेळी मला ते हवं असायचं.

तिचं मराठी कच्चं होतं, पण कामात तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. माझ्या अक्षरातली स्क्रिप्ट हातात आली की पेन्सिल काढायची आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात एक नाव लिहायची. हे वाक्य कुणासाठी आहे त्याचं नाव. राजा. मुलगी. कुत्रा. कधी 'खुदसे', मग ते खोडून 'स्वतःशी', कारण मी ओरडेन. मी एकदा म्हटलं, "अगं, समोर राजा उभा आहे, म्हणजे राजासाठीच असणार ना?" तर म्हणाली, "बिल्कुल नाही. माणूस बोलतो एकाशी, सुनावतो दुसऱ्यालाच. ते कळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही." तिची ती निळ्या पुठ्ठ्याची फाइल अशा नावांनी भरलेली होती.

पावसाळा सरता सरता तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. त्याच्या आधी श्रीकांतराव, म्हणजे तिचा नवरा, मला मुद्दाम घरी येऊन भेटून गेले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हटलंय. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही काही बोलू नका ताई, प्लीज." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? … पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. बोलायचं नाही, हे किती सोपं असतं!

स्टुडिओवाले म्हणाले, म्हातारीसाठी दुसरा आवाज बघू. उज्ज्वला ऐकेना. "ही म्हातारी माझी आहे यार, हा भाग मीच करणार." आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती आली. रेकॉर्डिंग होतं ते लढाईच्या आदल्या दिवसाचं. त्या भागात कुणी तलवार उपसतच नाही. सगळी माणसं किल्ल्यात नुसती बसलेली असतात. कुणी फाटका अंगरखा शिवतंय, दोन भाऊ बारा वर्षांचा अबोला सोडून एका ताटात जेवतायत, आणि उद्याबद्दल चकार शब्द कुणी काढत नाही. म्हातारी घोड्यांना दाणा घालते, मग तरण्या राणीची वेणी घालून देते. तिनंच राणीला घोड्यावर बसायला शिकवलेलं. शेवटी दाराशी जाऊन वळते आणि म्हणते, मी जाते आता. मूळ भाषेत तसंच आहे. मी अर्थातच लिहिलं होतं, "येते."

उज्ज्वलाला उभं राहवत नव्हतं. स्टूल मागवलं. सगळा भाग तिनं सुरेख केला आणि त्या शेवटच्या शब्दाशी अडली. माइकमधून म्हणाली, "ताई, ही वापस येणार नसेल तर 'येते' का म्हणते? झूठ कशाला बोलायचं?"

"तसंच म्हणायचं असतं," मी अलीकडून बटण दाबून म्हटलं.

"अच्छा. पण तुला पुढचा भाग माहीत आहे ना? ही मरते का?"

मला माहीत होतं. पुढची स्क्रिप्ट माझ्या पिशवीतच होती. ती काचेतून माझ्याकडे बघत होती, पेन्सिल हातात तशीच धरलेली. ती म्हातारीबद्दल विचारत नव्हती, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. तरी मी वेड पांघरून पेडगावला गेले. हसून म्हटलं, "छे गं, ही कसली मरतेय! चांगली शेवटपर्यंत पुरते. चल, उरक आता." तिनं मान हलवली, कागदावर वाकून काहीतरी लिहिलं, आणि एका दमात म्हणाली, "येते." पहिल्याच टेकला पसंत पडलं. रेकॉर्डिस्टनं टाळ्या वाजवल्या.

परतताना मेट्रोत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मी दिवाळीच्या फराळाबद्दल बडबडत होते. चकलीची भाजणी यंदा कुठून आणायची वगैरे… मयूर विहार आलं. ती उठली, दांड्याला धरून क्षणभर थांबली. मी 'चक्की'ची वाट बघत होते. ती म्हणाली, "येते हं, ताई."

आणि मी, मेली, काय म्हणावं? म्हटलं, "शिकलीस बाई एकदाची!"

ती हसली. दार बंद झालं.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही. नऊ दिवस मी आयसीयूच्या काचेशी जाऊन उभी राहायचे. काचेपलीकडे ती आणि अलीकडे मी, स्टुडिओतल्यासारखंच; फक्त बटण दाबून बोलायची सोय नव्हती. दहाव्या दिवशी सकाळी तो फोन.

तिचा तो शेवटचा भाग मागच्या आठवड्यात लागला. मी बघितला नाही. लढाईच्या भागात म्हातारीला दुसऱ्या बाईनं आवाज दिला. चांगला दिला, तक्रार नाही. परवा श्रीकांतराव येऊन निळी फाइल देऊन गेले. "तुमचंच अक्षर आहे आत, तुम्हीच ठेवा." लोक म्हणतात, आठवणी आधार देतात. मला तरी तसा काही अनुभव नाही. फाइल दोन दिवस टेबलावर तशीच होती; काल उघडली.

शेवटचं पान. समासात तिची पेन्सिल. घोडा, घोडा, राणी, स्वतःशी, राणी. 'येते'च्या पुढेही आधी 'राणी'च लिहिलेलं आहे. ते खोडलंय आणि पुढे लिहिलंय, 'ताई'. खाली, तिच्या त्या शाळकरी मराठीत, बारीक अक्षरात: 'मरते ही. ताईला सांगवत नाहीये.'

म्हणजे तिला माहीत होतं. तिला बोलायचं होतं, मी बोलू दिलं नाही, आणि वर तिनंच मला सांभाळून घेतलं. 'येते' तिनं दोनदा म्हटलं, बूथमध्ये आणि मेट्रोच्या दारात, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. ती माझा निरोप घेत होती, आणि मी तिचं मराठी तपासत होते.