राखून ठेवलेली प्रत

लोकांना पुस्तक फुकट लागतं, हे मला माहीत होतं. पण स्वतः पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ते फुकटच लागतं, हे मला त्या रविवारी भंडाऱ्यात कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी सिहोऱ्याला राहते. शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात अद्भुतकथा लिहिते. माझी एकुलती एक कादंबरी पाण्याखाली गेलेल्या गावाची आहे. धरण भरतं, माणसं वर पुनर्वसनात राहायला जातात, पण गाव खाली तसंच चालू राहतं. तिथे आठवडी बाजार भरतो, शाळेची घंटा होते, पोस्टमन पाण्यातून चालत टपाल वाटतो. धरणाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या जिल्ह्यात ते सांगावं लागत नाही.

कादंबरीची आवृत्ती संपत आली होती. दुसरीचा विषय काढला की प्रकाशकाला फोनवर खोकला यायचा. शेवटी त्याने उरलेल्या वीस प्रती एका खोक्यात घालून माझ्याकडे पाठवल्या आणि विषय मिटवला. अशात भंडाऱ्याहून संमेलनाचं बोलावणं आलं. फक्त अद्भुतकथा लिहिणाऱ्यांचं संमेलन, विदर्भभरातून लेखक येणार, प्रत्येकाला पुस्तकं विकायला एक टेबल मिळणार. मला आनंद झाला, उगाच कशाला खोटं बोलू. आपल्यासारखे आणखी वेडे एका मांडवात भेटतील असं वाटलं.

त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईचा फोन आला. पुस्तकाच्या मागच्या पानावर माझा नंबर छापलेला आहे.

"तुमी पाण्याखालच्या गावाच्या बाई का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती पवनीकडच्या एका पुनर्वसन गावातली. नवरा जलाशयात जाळं टाकतो, ती मासे विकते. मुलीच्या शाळेत वाचनपेटी आली होती, तिच्यातून माझं पुस्तक तिच्या घरी पोचलं. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, डोळ्यांनी दिसत नाही. रोज संध्याकाळी भात शिजेपर्यंत ती त्यांना चार पानं वाचून दाखवायची. मग पेटीची मुदत संपली आणि ती पुढच्या शाळेला गेली.

"पोस्टमनवाला भाग चालू होता," ती म्हणाली. "तो चिठ्ठी घेऊन निंगाला, अन् पेटी गेली. मामाजी रोज विचारून राहिले, पुढं काय झालं? म्या दोनदा माह्या मनानं सांगतलं. तर म्हणतात, हे पुस्तकातलं नोहे, तू बनवून राहिली. त्यायचं आता काही खरं नाही, बाई. डाक्टरनं घरी न्यायले सांगतलं. तेवढं ऐकून जाऊ द्या त्यायले."

मी म्हटलं, आजच पोस्टाने पाठवते. ती म्हणाली, "पोस्टानं नोका धाडू. आमच्या गावाचं नाव जुनं लिहा का नवं, टपाल फिरतच राहते." मग ठरलं की रविवारी तिने दुपारच्या बसने भंडाऱ्याला यायचं, माझ्या टेबलावरून पुस्तक घ्यायचं आणि तीनच्या बसने परत जायचं. मी एक प्रत राखून ठेवीन असा शब्द दिला.

संमेलन एका लग्नाच्या लॉनवर होतं. दारात थर्माकोलचा ड्रॅगन होता. डेकोरेशनवाल्याने त्याला हत्तीचे कान तसेच ठेवले होते, बहुधा गणपतीतले उरलेले. मी तांदळाच्या पिशवीतून आणलेली पुस्तकं टेबलावर मांडली. राखीव प्रतीला कागदाची चिठ्ठी लावली, तिच्यावर त्या बाईचं नाव आणि 'विकलेली' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि ती पिशवीत घालून पिशवी टेबलाखाली सरकवली.

सकाळी गर्दी झाली. विक्री मात्र म्हणावी तशी काही झाली नाही. एका लेखकाने पहिलं प्रकरण उभ्याउभ्या वाचलं आणि दुसऱ्या प्रकरणाचे मोबाईलवर फोटो काढले. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाला, "घरी जाऊन निवांत वाचतो न." एका कवयित्रीने पुस्तक छातीशी धरून माझ्याबरोबर सेल्फी घेतला आणि पुस्तक परत ठेवलं, जरा वाकडंच. बाकीचे सगळे येऊन एकच वाक्य बोलत, "सप्रेम भेट लिहून द्या न." जणू सप्रेम भेट हे माझ्या पुस्तकाचं नावच! प्रेम तुमचं माझ्यावर नाही, माझं तुमच्यावर नाही, आपली ओळख आत्ताची. भेट कसली? एकाने तर आपल्या तीन खंडांच्या बदल्यात माझं पुस्तक मागितलं, आणि मी नको म्हटल्यावर, नवीन लेखकांना फार गर्व असतो, असं शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगून गेला. दोन प्रती विकल्या गेल्या. त्यातली एक चहावाल्याने घेतली.

बारा वाजता संयोजक आले. निवृत्त प्राध्यापक, स्वतः सात भागांची महागाथा लिहिलेली. अतिशय गोड माणूस, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. "मॅडम, परिसंवादात एक वक्ता कमी पडून राहिला. तुम्ही या न, दहाच मिनिटं." मी टेबलाकडे पाहिलं. शेजारी नागपूरचे एक पुस्तकविक्रेते स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसले होते. अद्भुतकथांच्या संमेलनात ती कशाला, हे मी त्यांना विचारलं नव्हतं, पण धंदा त्यांचाच होत होता. त्यांनी टेबल सांभाळतो म्हटलं आणि मी गेले. मागच्या लहान मंडपात अद्भुतकथेचं भवितव्य ठरायला दीड तास लागला.

परत आले तेव्हा टेबल रिकामं होतं.

क्षणभर मला वाटलं, सगळी खपली! माणूस किती मूर्ख असावा. मी विक्रेत्यांना म्हटलं, "अहो, कोण घेऊन गेलं एवढी?"

ते ओशाळले. "मॅडम, संयोजक साहेब आले होते, पाहुण्यांच्या सत्कारासाठी घेऊन गेले. मी म्हटलं न त्यांले, मॅडमले येऊ द्या. ते म्हणे, मॅडम आपल्याच आहेत. माझेही चार नेले."

आपल्याकडे आता हारतुऱ्यांऐवजी पुस्तक देऊन स्वागत करतात. चांगली रीत आहे. शाळेत आम्हीही तीच पाळतो. फक्त शाळेत आम्ही ते पुस्तक विकत आणतो. मी टेबलाखालची पिशवी ओढली. पिशवी मोकळी होती. माझी चिठ्ठी तळाशी पडली होती. ती काढून, तिच्यावरचं वाचून, मग प्रत नेली होती. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ना, ती मला त्या दिवशी खरोखर जाणवली.

संयोजकांना मी मंचाच्या मागे गाठलं.

"कायले चिडून राहिल्या मॅडम?" ते म्हणाले. "तुमचंच नाव झालं न! मान्यवरांच्या हाती तुमचं पुस्तक गेलं."

"पण राखीव प्रतसुद्धा? त्यावर विकलेली असं लिहिलं होतं."

"एक कमी पडत होती. साउंडवाल्याचा सत्कार राहिला होता. आपल्या घरचं कार्य समजा."

घरचं कार्य! आणि नाव तरी कसं होणार होतं? सगळी पुस्तकं सोनेरी कागदात गुंडाळून, वर लाल फीत बांधून दिली होती. आत माझं पुस्तक आहे की साबणाच्या वड्या, हे घेणाऱ्यालाही कळलं नसतं. प्रमुख पाहुण्यांपासून लॉनच्या मालकापर्यंत सगळ्यांना एकेक पुडकं मिळालं होतं, आणि त्यातले बरेचसे जेवून, पुडकं घेऊन निघूनही गेले होते.

मी दाराकडे पाहिलं. ड्रॅगनच्या खाली एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, हातात नायलॉनची पिशवी. आत यावं की न यावं, असं तिचं चाललं होतं. मी जवळ गेले. तिने मला ओळखलं नाही. मीच सांगितलं, तशी ती हसली आणि कनवटीचे पैसे काढायला लागली.

"आधी पुस्तक घ्या," मी म्हटलं. "पाच मिनिटं थांबा. इथून हलू नका."

तिला काय सांगायचं होतं मी? की तुमच्या सासऱ्यांची गोष्ट साउंडवाल्याच्या सत्कारात गेली?

मंचावर अजून चार जण बसलेले होते आणि त्यांच्यासमोरच्या टेबलावर तीन पुडकी होती. प्रमुख पाहुणे, जिल्ह्यातले एक पुढारी, माइकवर बोलत होते. विषय वाचनसंस्कृती. मोबाईलने वाचन कसं मारलं, हे ते मोठ्या तळमळीने सांगत होते. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या पुडक्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवलेला होता.

मी बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर चढले. मी कोणाचा सत्कार करायला आले असं वाटून एकाने टाळ्याही वाजवल्या. मी पहिलं पुडकं फोडलं. टेबलावर एक माइक चालू होता, त्यामुळे कागद फाटल्याचा आवाज सगळ्या लॉनभर गेला. आत पोलीस भरतीचा प्रश्नसंच निघाला. दुसरं फोडलं. त्यात संयोजकांच्या महागाथेचा चौथा भाग. तोपर्यंत पुढारी बोलायचे थांबले होते. मी ग्लास उचलून बाजूला ठेवला आणि तिसरं फोडलं. माझं पुस्तक. मुखपृष्ठावर ओलावा उतरला होता, पण होतं.

"काय झालं, ताई?" पुढाऱ्यांनी माइकवरच विचारलं.

"साहेब, हे पुस्तक विकलेलं आहे. घेणारी दारात उभी आहे."

"मंग घेऊन जा न," ते मोकळेपणाने म्हणाले. "मले कुठं वाचायले टाइम आहे!"

सगळा मांडव हसला. लेखकांचा मांडव! मनमोकळा माणूस म्हणून त्यांना टाळ्या पडल्या. जे पंधरा मिनिटं वाचनावर बोलत होते त्यांनी हे म्हणावं, आणि जे जन्मभर लिहितात त्यांनी त्यावर हसावं. मी टेबलावरचा माइक ओढला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी सत्काराला पुस्तकं दुकानातून विकत आणा. आणि फुकट न्यायचीच असतील तर निदान वाचणाऱ्याची तरी सोडा." आणखीही पुष्कळ बोलायचं होतं, पण माइक कोणीतरी बंद केला. सत्कार झालेला साउंडवालाच असणार. पायऱ्या उतरताना संयोजक दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या कार्यक्रमाची चांगलीच शोभा केली." मी पुस्तक घेऊन सरळ दाराकडे निघाले. तोंड उघडलं असतं तर शाळेतल्या नोकरीला शोभणार नाही असं काही निघालं असतं.

बाहेर ती बाई तशीच उभी होती. तिने सगळं लाउडस्पीकरवर ऐकलं होतं. पुस्तक घेताना तिने हात पदराला पुसले आणि पैसे माझ्या हातात कोंबले. मी सही करू का विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या, बस निंगून जाईल." पण ती निघाली नाही. दुचाकींच्या रांगेशी, निंबाच्या सावलीत ती बसली, पोस्टमनचं पान बरोबर शोधलं आणि घरी फोन लावला.

"मामाजीच्या कानाले लाव," तिने पलीकडे कोणाला तरी सांगितलं. आणि वाचायला लागली. हळू, बोट फिरवत, एकेक शब्द. मागे मांडवात पुन्हा भाषण सुरू झालं होतं. ती फोनशी वाकून आवाज चढवून वाचत राहिली. पोस्टमन पाण्यातल्या गावात शिरतो, तलावाच्या पाळीवरून उतरतो, उजव्या हाताला देऊळ, पुढे लोहाराचं घर, मग शाळा.

"थांब," फोनमधून आवाज आला. खरखरीत, पण चांगला मोठा. "देवळाच्या मांगं आपलं घर होतं. तिथं तो गेलाच नाही. कायले नाही गेला? त्या बाईले इचार."

ती माझ्याकडे पाहू लागली. हे गाव मी मनाने रचलं आहे, त्यात कोणाचंच घर नाही, हे मी त्यांना सांगू शकले असते. कादंबरीच्या पहिल्याच पानावर तसं छापलेलंही आहे.

"काय सांगू त्यायले?" तिने विचारलं.

"चुकलं म्हणावं माझं. राहून गेलं."

तिने तसं सांगितलं.

"मंग लिवून घे म्हण तिले," म्हातारा म्हणाला. "दारात बोरीचं झाड होतं. अन् तू वाच पुढं."