शक्यतारावांचा पावसाळी संघ

हवामान कार्यालयात शक्यतारावांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसातला ते गच्चीवर जात, पर्जन्यमापकातलं पाणी मोजत, वाऱ्याची दिशा बघत आणि खाली येऊन त्या दिवसाच्या अंदाजाची दुसरी ओळ लिहीत. पहिली ओळ साहेब लिहीत. दुसऱ्या ओळीत 'तुरळक ठिकाणी', 'स्थानिक परिस्थितीनुसार' आणि 'शक्यता नाकारता येत नाही' हे तिन्ही आलेच पाहिजेत, असा शक्यतारावांचा स्वतःचा दंडक होता. एकतीस वर्षांत त्यांचा एकही अंदाज चुकला नाही. बरोबर आला असंही कुणाला म्हणता आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

माणसानं ऑफिसची सवय ऑफिसात ठेवून घरी जावं. शक्यताराव ती बरोबर घेऊन फिरत. न्हाव्यानं विचारलं, "बारीक करू की मध्यम?" तर म्हणत, "बारीकच्या आसपास ठेवा, कानामागं परिस्थिती बघून." न्हावी बिचारा दोन्ही तऱ्हांनी कापायचा आणि यांचं डोकं महिनाभर दोन वेगवेगळ्या माणसांचं दिसायचं. थोरल्या बहिणीनं फोनवर "जेवलास का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "अंशतः." बहिणीनं पुढे पुढे विचारणंच सोडलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण चौदा वर्षांपूर्वी नकाशाबाईंनी त्यांना एक प्रश्न विचारला होता, आणि तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

नकाशाबाई म्हणजे कार्यालयातले हवेच्या दाबाचे नकाशे काढणाऱ्या बाई. वळणावळणाची लांबलचक रेघ त्या एका दमात ओढत. खोडाखोड नाही, पुन्हा बघणं नाही. बोलणंही तसंच. एका सकाळी गच्चीवर दोघंच होते, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

शक्यतारावांना त्या मनापासून आवडत. बाई यायच्या आधी त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून ठेवण्याचं काम ते गुपचूप करत. पण तोंड उघडलं आणि सवयच आधी बाहेर पडली. "येत्या काळात अनुकूल स्थिती निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही," ते म्हणाले. बाईंनी "बरं" म्हटलं आणि खाली जाऊन नकाशा पुरा केला. त्यानंतर चौदा वर्षं दोघांनी एकाच खोलीत समोरासमोर बसून काम केलं. मला कुणी विचारलं असतं तर दोघांनाही एकेक रट्टा द्या असं मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

आता बाईंच्या बदलीचा हुकूम आला होता. दोन दिवसांच्या प्रवासावरचं बंदर, तिथलं एकखोलीचं केंद्र, आणि परत येण्याची तारीख नाही. हुकूम रद्द व्हायला एकच वाट होती. लग्नाचा जोडीदार, झालेला किंवा ठरलेला, त्याच कार्यालयात असेल तर बदली होत नसे. तसा अर्ज शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत साहेबांच्या हातात द्यायचा होता.

बाईंनी कोरा अर्ज शक्यतारावांच्या टेबलावर ठेवला. "मी काही बदली टाळायला लग्न मागत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी मागितलं तेव्हा बदलीचं नावही नव्हतं. पण चौदा वर्षं तुमचा अंदाज वाचतेय, आता पुरे. शनिवारी पाचच्या आत सांगा. हो तर हो, नाही तर नाही. मधलं काही घेणार नाही."

"साधारण पाच की..." शक्यताराव म्हणाले.

"पाच," बाई म्हणाल्या आणि अर्ज पर्समध्ये ठेवला.

त्याच शनिवारी स्पर्धा होती. सगळ्या सरकारी कार्यालयांची मिळून दरवर्षी कॅरमची स्पर्धा होत असे, पण पावडर कुणी जास्त टाकली यावरून दोन खात्यांचा पत्रव्यवहार अडीच वर्षं चालला, तेव्हा वरिष्ठांनी ठरवलं की कुणी कुणाला हात लावू शकणार नाही असा खेळ हवा. म्हणून राक्षसांच्या झुंजीचा व्हिडिओ गेम आला. दोघांविरुद्ध दोघं. प्रत्येकाचे तीन राक्षस, मैदानात एका वेळी एकेकाचा एक, आणि तीनपैकी दोन डाव जिंकायचे. या खेळात हवामान असतं, हे साहेबांना कळलं मात्र, त्यांची झोप उडाली. "हवामानाच्या खेळात हवामान खातं हरलं तर तोंड कुठे लपवायचं?" असं म्हणून त्यांनी शक्यताराव आणि नकाशाबाई यांची जोडी लेखी आदेशानं नेमली.

खेळातलं हवामान असं होतं. काही राक्षस मैदानात उतरले की हवाच बदलते. पाऊसवाला आला की पाच फेऱ्या पाऊस. पावसात पाण्याच्या माऱ्याला जोर चढतो, आगीचा जोर निम्मा होतो आणि काही राक्षस दुप्पट वेगानं धावतात. उन्हात सगळं उलटं. दोन्हीकडचे हवा बदलणारे एकदम उतरले, तर चपळाची हवा आधी लागते आणि मंदाची नंतर येऊन तिच्यावर चढते. म्हणजे टिकते ती मंदाचीच. बाईंनी हे पहिल्याच दिवशी हेरलं आणि डबक्या नावाचा एक बेडूक असा काही तयार केला की त्याच्याहून मंद प्राणी साऱ्या खेळात नव्हता. साहेबांनी तो कौतुकानं पाहिला आणि हा आपल्याच खात्यातला वाटतो, असं मोकळेपणानं कबूल केलं.

बाईंचा बेत सोपा होता. डबक्यानं पाऊस आणायचा आणि बाकी पाचांनी त्या पावसावर जगायचं. घोडं अडलं शक्यतारावांपाशी. त्यांनी आपल्या तिघांत एक धुळोबा घेतला, जो येताच वादळ उठतं. दुसरा गारपिट्या, जो येताच गारा पडतात. दोन्हींचा मार आपल्या-परक्या सगळ्यांनाच. बाईंनी फारच आग्रह केला म्हणून विजा पाडणारा कडाड्या घेतला, पण तो राखीव.

"अहो, हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"समजा, पाऊस पडलाच नाही तर?"

"पाऊस आपणच पाडणार आहोत."

"ते झालंच. पण समजा."

एकतीस वर्षं पाऊस त्यांनी खालून पाहिला होता. माणूस ठरवतो आणि पाऊस पडतो, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. सरावातल्या प्रत्येक पावसाची त्यांनी वहीत नोंद ठेवली. दोनशे चाळीस वेळा पाऊस पडला आणि दोनशे चाळीस वेळा तो बरोब्बर पाच फेऱ्या टिकला. तेव्हा त्यांनी शेरा लिहिला: 'यंत्रात बिघाड असावा.'

शनिवारी तीन वाजता पाणीपुरवठा कार्यालयाच्या सभागृहात अंतिम सामना सुरू झाला. आधीच्या फेऱ्यांत समोरची खाती संगणक चालू करता न आल्यानं बाद झाली होती, त्यामुळे आपली जोडी अंतिम सामन्यापर्यंत कशी पोचली याचं फार आश्चर्य करू नये. समोर पाणीपुरवठ्याचे दोघं, एक मीटर वाचणारा आणि दुसरी त्याची थोरली बहीण, टाकीवरची देखरेख पाहणारी. त्यांचा सगळा संघ उन्हाचा होता. पाण्यावाचून कसं भागवायचं, हे त्या खात्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

पहिला डाव ठरल्याप्रमाणे सुरू झाला. डबक्या डुलत डुलत उतरला, पाऊस लागला, बाई खूश झाल्या. दुसऱ्याच फेरीत शक्यतारावांनी खबरदारी म्हणून धुळोबा आणला. पाऊस पुसला गेला आणि धुळीनं बाईंचा डबक्या अर्धमेला झाला. ते पाहून शक्यताराव घाबरले आणि त्यांनी गारपिट्या आणला. गारांनी डबक्या पुरता आडवा झाला आणि त्याच्या जागी आलेला बाईंचा मासाही दोन फेऱ्यांत गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"ताई, आपण काही करायचंय का?" मीटरवाल्यानं हळूच विचारलं.

"गप बस," टाकीवाली ताई म्हणाली. "त्यांचं त्यांना चाललंय."

दोन डावांच्या मध्ये दहा मिनिटं होती आणि त्या वेळात संघ बदलायची मुभा होती. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं शक्यतारावांना वाटलं.

"तुम्ही संघ बांधलाच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही अंदाज लिहिलात. ऊन पडलं तरी तुम्ही बरोबर, गारा पडल्या तरी तुम्ही बरोबर."

"पण एकच धरलं आणि चुकलं तर?"

"तर हरू. माणसं हरतात आणि घरी जाऊन जेवतात. पण काहीतरी एक धरा हो."

शक्यतारावांनी धुळोबाला काढलं. मग बराच वेळ गारपिट्याकडे पाहिलं आणि त्यालाही काढलं. त्यांच्या जागी दोन पाण्यातले राक्षस घेतले. संघात पावसाखेरीज काहीच उरलं नाही. 

दुसऱ्या डावात टाकीवाल्या ताईचा भट्ट्या आधी उतरला आणि लख्ख ऊन पडलं. त्यामागून डबक्या निवांत आला आणि उन्हावर पाऊस चढला. मग पाण्यातल्यांनी असा धुमाकूळ घातला की चार फेऱ्यांत समोरचं मैदान साफ.  शक्यतारावांनी पाऊस पडेल म्हटलं होतं आणि पाऊस पडला होता. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत हे असं पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं.

तिसरा डाव अटीतटीचा झाला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले तेव्हा बाईंचे तिन्ही राक्षस पडले होते. समोर एकटा भट्ट्या उरला होता आणि आपल्याकडे एकटा कडाड्या. पाऊस शेवटच्या फेरीत होता. ही फेरी सरली की पावसाखाली दबलेलं भट्ट्याचं ऊन वर येणार, आणि उन्हात भट्ट्याच्या एका फुंकरीत कडाड्याचा कोळसा.

शक्यतारावांनी विजेच्या माऱ्यावर बोट नेलं. वीज एरवी शंभरात सत्तर वेळा लागते. भर पावसात तिचा नेम कधी चुकत नाही. कडाड्या कायम राखीव राहिल्यानं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर शब्द उमटले: 'नेम: शंभर टक्के.' बाजूला पंचेचाळीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळू लागलं.

"बाई," ते म्हणाले, "शंभर दाखवतंय."

"शंभरच आहे. दाबा."

"शंभर म्हणजे नक्की."

"नक्की. दाबा ना."

शक्यतारावांचं बोट हललं नाही. खात्रीची गोष्ट जगात नसतेच, या समजुतीवर त्यांनी सगळा जन्म काढला होता. आणि इथे ती समोर, अक्षरात लिहिलेली. मग ही एक असेल तर आणखीही असू शकते. त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. चौदा वर्षं समोर बसलेल्या त्या बाई, पेन्सिल धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा, कपाळावर आठी. आपल्याला काय हवंय हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांची पाचावर धारण बसली.

"मी तुमच्याशी लग्न करतो," शक्यताराव म्हणाले.

 मीटरवाल्याच्या हातातलं पाणी सांडलं.

"आधी बटण दाबा," बाई म्हणाल्या.

"नाही, आधी हे. मागाहून माझा धीर होणार नाही. मला तुम्ही आवडता. तुरळक ठिकाणी नाही, सर्वदूर. स्थानिक परिस्थिती काहीही असो. मी चौदा वर्षांपूर्वीच हो म्हणायला हवं होतं, मी गाढव आहे, हे मी कसलीही शक्यता न ठेवता सांगतोय."

"अहो, वीस सेकंद राहिलेत."

"मला बोलू द्या, बाई. मी कधी बोललो नाही."

आणि ते बोलले. पेन्सिलींबद्दल बोलले, बाई रजेवर असल्या की खोली कशी मोठी वाटते त्याबद्दल बोलले. साहेब मागून "बटण, बटण" असं आधी आदेशाच्या आणि नंतर विनंतीच्या सुरात म्हणत राहिले. घड्याळ शून्यावर आलं. खेळाडूनं काही निवडलं नाही तर यंत्र त्याच्या वतीनं यादीतली पहिली चाल खेळतं, असा नियम होता. कडाड्याच्या यादीतली पहिली चाल होती शेपूट हलवणं. त्यानं ती मोठ्या उत्साहानं हलवली. पाऊस थांबला, ऊन पडलं आणि भट्ट्यानं त्याला भाजून काढलं.

पाणीपुरवठ्यानं करंडक जिंकला, पण टाळ्या वाजवायचं कुणाला सुचेना. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. हरणं त्यांना मुळीच आवडत नसे.

"जिंकलेला डाव होता," त्या म्हणाल्या.

"हो," शक्यताराव म्हणाले.

"कधी नव्हे ते तुमच्या हातात होता."

"हो."

बाईंनी पर्समधून अर्ज काढला आणि मांडीवर पसरला. पाचाला नऊ मिनिटं कमी होती. नावं भरली, हुद्दे भरले आणि त्या एका रकान्यापाशी थांबल्या. ठरलेल्या लग्नाची तारीख तिथे लिहायची होती.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

शक्यतारावांनी तोंड उघडलं. "साधारण..." असा शब्द अर्धा बाहेर आला आणि बाईंनी पेन कागदावरून उचललं. 

"पुढच्या महिन्याची नऊ," शक्यताराव म्हणाले.

"आणि त्या दिवशी पाऊस आला तर?" टाकीवाल्या ताईनं पलीकडून विचारलं. तिच्या आवाजात खात्याची आशा होती.

"आला तर भिजू," शक्यताराव म्हणाले. "लग्न नऊलाच आहे."

बाईंनी तारीख लिहिली, खाली सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.