मांजरीचं नवरात्र

आमच्या मांजरीनं घटस्थापनेच्या दिवशी अन्न सोडलं, यात तिचा काही दोष नव्हता. तिला पंचांग कळत नाही. पण आम्ही राहतो येरमाळ्यात, देवीच्या डोंगराजवळ, आणि नवरात्रात कुणी जेवलं नाही तर त्याला आजारी म्हणायची इथं पद्धत नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झालो, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे असं बायको म्हणते. ही मांजर मला गाडीतच सापडली. दुपारची फेरी संपवून गाडी डेपोत लावली, तर मागच्या बाकाखाली मुठीएवढं पिल्लू बोंबलत होतं. प्रवाशांचं विसरलेलं सामान जमा करायचा नियम आहे, म्हणून मी ते घेऊन ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "जिवंत सामान जमा होत न्हाय. घरी न्या." तेव्हापासून ती घरी आहे आणि आता म्हातारी झाली आहे. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. घरात आम्ही दोघं आणि ही. दिवसभरात मी सगळ्यात जास्त हिच्याशीच बोलतो. मी बोलत असताना ती मध्येच उठून जाते, पण तिचा मला कधी राग आला नाही. हाच मान मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

तर त्या दिवशी बायकोनं घट बसवला, पहिली माळ सोडली, अखंड दिवा लावला. मांजर हळूहळू चालत आली आणि दिव्याच्या उबेला बसली. दूधपोळीचा कुस्करा समोर ठेवला, तो हुंगला आणि तोंड फिरवलं. नुसतं दूध दिलं, त्यातलं जरासं घेतलं. एरवी ती खाटेवर माझ्या पायांवर झोपते. त्या दिवशी फरशीवरच पडून राहिली.

शेजारच्या अक्का माळेसाठी झेंडू घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, गल्लीत त्यांचा शब्द चालतो. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं.

"दूध घेतीया नव्हं?" अक्का म्हणाल्या. "मग दुधावर धरलाय उपास."

"खाटंवर बी न्हाय झोपली, अक्का."

"कशी झोपंल? नवरात्रात गादीवर झोपत्यात व्हय?"

मी पेपर वाचत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, चपला बी सोडल्या असतील मग तिनं."

हा टोमणा होता. अक्कांनी वाकून मांजरीच्या चारी पायांकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अनवाणी तर हायच की ती." मी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आधी घटाला हळदकुंकू, मग मांजरीला. परक्याचा हात लागला की ओरबाडणारी ही बया, पण कपाळाला कुंकू लावून घेत होती आणि डोळे मिटून पडत होती. "बगा, किती शांत झाली," असं जी ती म्हणत होती. कुणीतरी तिच्यापुढं केळं ठेवलं. बायकोनं भगर शिजवून ठेवली, तिलाही तिनं तोंड लावलं नाही. संध्याकाळी दूधही सोडलं, तेव्हा अक्कांनी जाहीर केलं की आता निरंकार उपास धरलाय. बायकोची बहीण लोहाऱ्याला असते. तिनं फोन करून सांगितलं, "ताई, तिच्या कानात आमच्या पोराच्या लग्नाचं तेवढं घाल." पोरगा तिशी उलटून गेलाय, नाकानं कांदे सोलतो, पण बायकोनं खरंच जाऊन मांजरीच्या कानात त्याचं नाव सांगितलं.

तिसऱ्या माळेला मी उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मांजर उठली, भिंतीला अंग घासत ताटलीपाशी गेली. तिनं कुस्कऱ्याचा घास तोंडात घेतला आणि किंचाळली. घास खाली पडला. ती मागं सरकली, पंजानं गाल ओढायला लागली आणि मग ताटलीवरच फिस्कारली. उपासाच्या माणसांना मी ताटाकडं आशेनं बघताना पाहिलं आहे, ताटाला शिव्या देताना पाहिलं नाही. मी तिला उचललं. हनुवटीला चिकट लाळ होती आणि तोंडाला असा वास, की मी मान फिरवली. पण वासापेक्षा मला भीती वाटली ती तिच्या वजनाची. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.

"हिला खायचंय," मी बायकोला म्हणालो. "खाता येईना झालंय. मरायला टेकलीय ही, आणि तुम्ही कुंकू लावत बसलाय."

मी हे जरा मोठ्यानंच बोललो. बायकोचा चेहरा उतरला. "मलाबी आतून वाटत हुतं," ती म्हणाली. "पर सगळ्या येवढ्या म्हणाय लागल्या की मला बी खरं वाटलं."

गावातले जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला वस्त्यांवर गेलेले. म्हणजे धाराशिवला जाणं आलं. अखंड दिवा सोडून बायकोला येता येईना. मी बाजाराच्या पिशवीत जुना टॉवेल घातला, मांजर बसवली, वरून गमजा बांधला आणि स्टँडवर गेलो.

नवरात्रातली गाडी. येरमाळ्याचं दर्शन करून तुळजापूरला निघालेली अनवाणी माणसं दारापर्यंत लोंबकळत होती. मी कसाबसा आत शिरलो आणि पिशवी छातीशी धरली. कंडक्टर माझ्या मुलीच्या वयाचा.

"काका, पिशवीत काय हाय?"

"मांजर."

"जनावर न्हाय नेता येत. उतरा खाली."

"कोंबड्या नेतोस ना? मग हिला काय शिंगं आहेत?"

"कोंबडीचं तिकीट निघतं. मांजराचं मशीनमधी न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तू शाळेत होतास तेव्हापासून मी तिकिटं फाडतोय, इथपासून मी सुरू झालो आणि नियम कोणता, कलम कोणतं, इथपर्यंत गेलो. कलम मला आठवत नव्हतं, पण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडी खोळंबली, मागून लोक ओरडायला लागले. तेवढ्यात गमजा सरकला आणि आतून तिचं डोकं बाहेर आलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, त्यावर हळद. समोरच्या बाकावरची एक बाई हात जोडून म्हणाली, "अगं बाई, हे काय वो?"

मी चिडलेलोच होतो. म्हणालो, "उपास आहे तिचा. घटापासून."

पुढं मला काही करावं लागलं नाही. ती बाई उठली आणि तिनं मला खिडकीची जागा दिली. मागच्या माणसानं ओरडायचं थांबवून पिशवीला हात लावून नमस्कार केला. कंडक्टरनं डोक्यावरची टोपी काढली, माझं एकट्याचं तिकीट दिलं आणि पुढच्या स्टॉपला चढणाऱ्यांना सांगितलं, "तिकडं गर्दी करू नका, देवीचं मांजर हाय." इतकी वर्षं मी लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणून घसा फोडला, पण एवढी मोकळी जागा मला कधी करता आली नव्हती. ज्या थापेवरून मी सकाळी बायकोवर ओरडलो होतो, तिच्याच जिवावर मी वारा खात धाराशिवला पोचलो.

दवाखान्याच्या आवारात म्हशी, बैल, एक लंगडणारी शेळी. डॉक्टरबाई तरुण होत्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. त्यांनी मांजरीचं कपाळ बघितलं आणि विचारलं, "उपास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"परवा एक गाय आली होती. तिनंही घटस्थापनेलाच धरला होता. पोटात प्लॅस्टिक निघालं."

मांजरीची मागची एक दाढ सडली होती, हिरडीत पू झाला होता. भूल देऊन दाढ काढली. ती टेबलावर जीभ बाहेर टाकून पडली होती तेव्हा मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर म्हशींच्या मालकांमध्ये जाऊन बसलो. एकानं विचारलं, "काय आणलंय?" मांजर म्हटल्यावर त्यानं आपल्या जवळची सुपारी पुढं केली.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाढेचं काम झालं. पण इतके दिवस पोटात काही नाही, आणि वय झालंय. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं. उद्या संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःहून खाल्लं पाहिजे. दुधावर भागणार नाही. कोंबडी उकडून, कालवून, कोमट द्या. नाहीच खाल्लं तर घेऊन या, सलाईन लावू. पण मग मी खात्री देत नाही."

घरात घट आणि मला हवी कोंबडी. आमच्याकडं नऊ दिवस कांदासुद्धा चिरत नाहीत. बायकोनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घट हलल्याबिगर घरात तसलं शिजायचं न्हाय." मी तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, "समोर भाभीकडं जावा की. मला काय इचारताव?"

समोरच्या भाभींच्या घरचे फळांचा गाडा लावतात. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. "भाऊ, तुम्ही बैठो, मी करते," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिनमसाल्याची कोंबडी उकडून, हातानं बारीक करून वाटीत आणून ठेवली. त्यांच्याच अंगणात पोतं टाकून मी मांजरीला घेऊन बसलो.

तिनं खाल्लं नाही. वाटी जवळ नेली की मान वळवायची. दाढ गेली होती, पण खाल्लं की दुखतं हे तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी गोंजारलं, समजावलं, शेवटी दरडावलं. दरडावल्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी वाटी खाली ठेवली. दुपार झाली. माझी भाकरी घरात झाकून ठेवलेली होती; मी जागचा उठलो नाही. अक्का काठी टेकत जाताना थांबल्या आणि भाभींना म्हणाल्या, "आता ह्येनी बी धरला बगा."

ऊन उतरायला लागलं तशी बायको आली. सकाळीच अंघोळ करून घटाला माळ घातलेली, घटाजवळ सोवळ्यात वावरणारी, नऊ दिवस नुसत्या भगरीवर राहणारी. ती भाभींच्या अंगणात कधी आली नव्हती असं नाही, पण नवरात्रात कुणाकडं पाणीही घेत नाही. ती माझ्याशेजारी पोत्यावर बसली. मांजरीचं डोकं मांडीवर घेतलं. आणि वाटीतल्या रश्शात तिनं आपलं बोट बुडवलं.

भाभी म्हणाल्या, "अहो वहिनी, मी लावते ना, तुमचा उपास हाय."

"ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली. "ती माझ्या हातचं खातीया."

तिनं ते बोट मांजरीच्या ओठाला लावलं. मांजरीनं जीभ फिरवली. पुन्हा बोट, पुन्हा जीभ. मग बोटावर थोडी कालवलेली कोंबडी. मांजरीनं ती घेतली, थांबली, दुखलं नाही हे तिला कळायला जरा वेळ लागला असावा, आणि मग तिनं मान पुढं करून वाटीतच तोंड घातलं. मला रडू आलं. मी रडलो, ते भाभींनी पाहिलं आणि त्या उगाच घरात गेल्या. बायकोनं पाहिलं आणि ती म्हणाली, "आता तुमी जेवा."

ती परत अंघोळ करून घटापुढं बसली. देवीची माफी मागितली असेल असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. भाकरी वाढताना तिनं सांगितलं की काल मी धाराशिवला होतो तेव्हाच ती नवस बोलली होती. मांजर जेवली तर पुढल्या वर्षी मी नऊ दिवस उपास धरीन, अनवाणी राहीन आणि रोज डोंगर चढीन.

"मी?" मी विचारलं. "माझ्या नावानं?"

"माझा तर हायच दरसालचा. त्यात देवीला नवीन काय? तुमी कदी केला न्हाय, म्हनून तुमचा बोलले."

यावर वाद घालायला मी तोंड उघडलं होतं. पण मांजर आत आली, खाटेवर उडी मारता येईना म्हणून तिथंच उभी राहिली आणि माझ्याकडं बघून ओरडली. मी तिला उचलून वर ठेवलं आणि वाद राहून गेला.

हे गेल्या वर्षीचं. आज पाचवी माळ आहे. मी अनवाणी डोंगर चढून उतरलोय, टाचेत बाभळीचा काटा मोडलाय, पोटात चमचाभर भगर आहे आणि गल्लीतल्या बायका मला वाट देतात. मांजर भाभींच्या अंगणात बसून उकडलेली कोंबडी खाते आणि मी उपाशी पोटी तिच्याकडं बघतो. पण यंदा ती थोडंच खाते. पाणी फार पिते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं थकली आहेत, आता जेवढे दिवस जातील तेवढे आपले.

बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी ती फुलं आणायला गेली होती, तेव्हा मी घटापुढं जाऊन उभा राहिलो. मला असलं काही बोलायची सवय नाही. तिकीट मागावं तसा सरळ बोललो, की हिला पुढच्या घटापर्यंत ठेव, मी पुढचंही नवरात्र धरतो.