गुटीची सहाण

शिवरात्रीला आमच्या घरी भांग व्हायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बुधवाऱ्याच्या बाजारात सरकारी ठेक्याचं दुकान होतं, तिथं गांजा नि भांग किराण्यासारखी तोलून मिळे. बाबा शाळामास्तर, पण त्या दिवशी प्रसाद म्हणून तेही पेलाभर घेत. बायका घोटभर घेत. संस्थानं विलीन होत होती तेव्हाची ही गोष्ट. काका म्हणायचे, "राजेलोक गेले, आता हे सरकार आपला ठेकाही उचलून नेईल. पिऊन घ्या, भाई!"

मी दहा वर्षांची. पाच महिन्यांच्या भावाची गुटी उगाळणं हे माझं काम. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, आईच्या दुधात. गुटीची सहाण वेगळी, तिच्यावर दुसरं काहीही उगाळायचं नाही, असा आत्याचा हुकूम. विधवा आत्याच घर चालवायची, तिच्यापुढं बाबांचंही काही चालत नसे.

त्या सकाळी सहाणेवर हिरवट ओला थर दिसला. मला वाटलं, कालच्या गुटीचा असेल. धुवायचा कंटाळा केला मी मेलीनं! त्यातच उगाळलं आणि बोंडल्यानं बाळाला पाजलं. मग अंगणात गेले, तर काका बाबांना हळूच सांगत होते, "पाटा उपासाच्या वाटणात अडकलेला. मी आपली भांग गुटीच्या सहाणेवरच घोटली. आपल्या ताईला बोलू नको हं."

मी पळत आत आले, तर बाळ गाढ झोपलेलं.

दुपारी बाळ उठेना. आईनं चिमटा काढला, तरी हूं की चूं नाही. मान लुळी पडलेली. काका टांगा घेऊन लालबागला डॉक्टरांकडे धावले. मी कोठीच्या दाराआड उभी. सांगितलं तर आत्या सोलून काढेल, आणि नाही सांगितलं तर बाळ मरेल. खरं सांगते, भीतीनं मी परकर ओला केला.

डॉक्टर आले. बाळाच्या पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं, "याच्या पोटात काय गेलंय?"

काका नि बाबा जमिनीकडे बघत राहिले. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भांग. मी प्रसाद घेतला होता. माझ्या दुधातून गेली असेल."

"अवदसे! पोटच्या पोराला विष पाजलंस!" आत्या किंचाळली.

डॉक्टरांनी श्वासावर नजर ठेवायला सांगितलं आणि स्वतः उशाशी बसून राहिले. आई त्याचे तळपाय चोळत होती. दिवेलागणीला बाळ रडलं. मीही रडले, पण बोलले नाही.

पुढं दर शिवरात्रीला प्रसाद वाटताना आत्या चारचौघांत म्हणायची, "हिला नको." आई मान खाली घालायची. आत्या मरेपर्यंत हे चाललं. भाऊ मोठा झाला, तोही आईला त्यावरून चिडवायचा. मी तिथंच बसलेली असायची.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्यापाशी राहायला गेले. एकदा तिच्यासाठी सुंठ उगाळायला तीच जुनी सहाण घेतली. मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचंच.

"आई, त्या शिवरात्रीला..."

"आधी धुऊन घे गं," ती म्हणाली.

मी सहाणेवर पाणी ओतलं.

"तेव्हा मीच धुतली," आई म्हणाली. "डॉक्टर यायच्या आत. हिरवीगार होती."