घर सोडून कोण गेलं?

सातवं प्रकरण कंपोज करून झालं आणि मी उठून मागच्या खोलीत गेले. तिथं ऑफिस कॉपींचे गठ्ठे होते. प्रेसमध्ये छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ठेवतात, तिला ऑफिस कॉपी म्हणतात. मला एक जुनी वास्तुशांतीची पत्रिका हवी होती. ती पाचव्या गठ्ठ्यात सापडली.

मी तेव्हा मंचरच्या एका प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होते, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारी. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. काम होतं गायक रमणकुमारांच्या आत्मचरित्राचं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात जत्रा असो की गणपती, त्यांचीच कॅसेट वाजायची. त्यांचा ऑर्केस्ट्रा असला की आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं यायची. चमकीचा कोट, गॉगल आणि गळ्यात गिटार. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती, पण ते कुणी विचारत नसे. त्यांनी आपलं आयुष्य अकरा कॅसेटींवर बोलून ठेवलं होतं. मी ते ऐकून टाईप करायचे आणि वाक्यं सरळ करायचे.

सातव्या प्रकरणात त्यांनी पहिल्या बायकोचं लिहिलं होतं. सुशीला संशयी होती, तिनं घराला घरपण ठेवलं नाही, शेवटी माझ्याच ढोलकीवाल्याशी, बबनशी, सूत जुळवून ती घर सोडून गेली. त्या एकटेपणात मला चंदा भेटली. चंदा म्हणजे ऑर्केस्ट्रातली गायिका, त्यांची आताची बायको. सुशीला कधी गेली ते सालही त्यांनी दिलं होतं.

पत्रिका त्या सालाच्या तीन वर्षं आधीची होती. नारायणगावच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. खाली 'आपले नम्र, सौ. चंदा व श्री. रमणकुमार'. ती पत्रिकाही मीच टाईप केली होती, म्हणून तर आठवली.

एकटेपणात भेटली म्हणे! माझं डोकं तापलं. मी पत्रिका घेऊन आमच्या मालकांकडे, आण्णांकडे गेले. आण्णांनी चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली.

"आपण छापणारे, बाई. लिहिणाऱ्याचं पाप लिहिणाऱ्याला."

रमणकुमार प्रूफ बघायला आले, तेव्हा मी साल चुकतंय एवढंच सांगितलं. ते हसले. लोक पहिलीचं काय झालं ते विचारतातच, मग काहीतरी सांगावं लागतं, असं म्हणाले. बबनचं नाव तरी कशाला, असं मी विचारलं.

"नाव असलं की खरं वाटतं," ते म्हणाले.

पुस्तक छापायला गेलं. सोळा पानांचा एक फॉर्म, असे फॉर्म छापून येतात, मग घडी आणि बाइंडिंग. सुशीलाबाईंचा मजकूर त्र्याऐंशीव्या पानावर होता; ते पान असलेला फॉर्म आला त्या संध्याकाळी मी तो पिशवीत घातला. पत्रिकेची झेरॉक्सही घातली. गिऱ्हाइकाचं काम बाहेर दाखवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी मोडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. एसटीनं रमणकुमारांच्या मूळ गावी, अवसरी बुद्रुकला गेले; सुशीलाबाईंचा ठावठिकाणा तिथं कळेल असं वाटलं.

सुशीलाबाईंचं घर विचारलं तर एक माणूस म्हणाला, रमणकुमारचं घर का? पुढं डावीकडं. तिथंच माझा पाय अडखळला. घर सोडून गेलेली बाई नवऱ्याच्याच घरात राहत होती.

बाई अंगणात शेंगा निवडत होत्या. पन्नाशीला आलेल्या, हिरवं लुगडं, कुंकू ठसठशीत. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. त्यांनी पान हातात घेऊन बोट ठेवून वाचलं. वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी ते शेंगांवर पालथं ठेवलं.

"मी घर सोडलं म्हनतोय," त्या म्हणाल्या. "सात वर्स त्याची आई अंथरुणाला व्हती. तिचं हागनं-मुतनं मी काढलं. जाताना डोकं माझ्या मांडीवर व्हतं. ह्यो माती द्यायला आला आन दुपारच्याला गेला बी."

आणि बबन? कार्यक्रमाचे पैसे रमणकुमार घरी पाठवत नसत, तेव्हा बबन आपल्यातून मुलीच्या शाळेची वह्या-पुस्तकं आणून द्यायचा. ओसरीच्या आत कधी आला नाही. एवढंच होतं. आता त्याच्या घरात सून आली होती.

"माझं काय बी लिवू द्या," बाई म्हणाल्या. "माझं आता लई झालं. पन माझ्या पोरीला बघायला पावनं येत्यात. आन त्या बबनभाऊचं तोंड काळं करायचं काय कारन?"

मी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. बबन त्यांना घेऊन वकिलाकडे गेला. कोर्टात काडीमोड झालेलाच नव्हता. म्हणजे पहिली बायको असताना दुसरीला 'सौ.' म्हणणारी ती पत्रिका रमणकुमारांच्या गळ्याचा फास होती.

नोटीस दोघांना आली, लेखकाला आणि छापणाऱ्याला. लिहिणाऱ्याचं पाप आपल्याही दारात येतं हे आण्णांना त्या दिवशी कळलं. त्यांनी सगळ्यांना प्रेसमध्ये बोलावलं. बाइंडिंग झालेलं, प्रकाशनाला चार दिवस उरलेले. पुन्हा छापणं शक्य नव्हतं. आण्णांनी शुद्धिपत्राचा तोडगा काढला. चुका दुरुस्त करणारी एक चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत पहिल्या पानावर चिकटवायची.

रमणकुमार गॉगल न काढता बसले होते. म्हणाले, चालेल, पण मी खोटं लिहिलं असं येता कामा नये. चूक टाइपिंगची होती असं टाका.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आधी बायको, मग बबन, आणि आता मी. या माणसाच्या आयुष्यात त्याची स्वतःची एकही चूक नव्हती.

सुशीलाबाई उभ्या राहिल्या. "ह्या बाईनं काय केलं? तिच्यावर न्हाई घालायचं. मला न्हाई पायजे असलं पत्र."

आण्णा माझ्याकडे बघायला लागले. मला रमणकुमारांच्या अंगावर ती अकरा कॅसेटींची पिशवी भिरकावावीशी वाटली. पण प्रकाशन चार दिवसांवर होतं, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत बाईंची मुलगी म्हातारी झाली असती. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि सगळ्यांच्या देखत टाईप केलं.

'टंकलेखनातील चुकीमुळे पान ८३ वर सदोष मजकूर छापला गेला आहे. सौ. सुशीला यांनी घर कधीही सोडलेले नाही. श्री. बबन यांच्याविषयीचा मजकूर निराधार असून तो वगळून वाचावा.'

'सौ.' मी मुद्दाम टाकलं. रमणकुमारांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या, एकही प्रत सोडली नाही. पुढं मुलीचं लग्न राजुरीला झालं. मला आमंत्रण होतं, अक्षता टाकायला मांडवात बबनभाऊही होते, सुनेसकट.

त्या पुस्तकावर एका पेपरात चार ओळी आल्या. पुस्तक वाचनीय आहे, टंकलेखनाकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवं होतं, असं लिहिलं होतं. आण्णांनी ते कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला.

त्यानंतर मी बरीच आत्मचरित्रं टाईप केली. प्रूफच्या प्रत्येक पानावर आधी लेखकाची सही घेते.